खटला सरकारचा, जखम आपली: गुन्हा सोसणाऱ्याला कायदा काय देतो?

गोंदियाच्या जिल्हा न्यायालयातल्या फौजदारी खटल्यांची यादी कधी पाहिलीत, तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. प्रत्येक खटल्याच्या नावात एक बाजू ठरलेली असते: 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. ज्याचे घर फोडले, ज्याच्या डोक्यात काठी बसली, जिचा छळ झाला, त्या माणसाचे नाव त्या ओळीत कुठेच नसते. मग आमगाव किंवा तिरोड्याहून पेशीला आलेला फिर्यादी गोंधळतो. मार मी खाल्ला, दवाखान्याचा खर्च मी केला, मग केस सरकारची कशी? आरोपीला वकील आहे, मला का नाही? तपासात काय चालले आहे, ते मला कोणी सांगत का नाही?

हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे आज कायद्यात आहेत, पण ती आपणहून दारात येत नाहीत. त्यातली बहुतेक मागावी लागतात, आणि मागायची तर ती आहेत हे आधी ठाऊक असावे लागते.

केस सरकारची का?

आपल्या कायद्यात गुन्हा हा एका माणसाविरुद्ध असला, तरी तो साऱ्या समाजाचा अपराध मानला जातो. म्हणून आरोपीला कोर्टात खेचण्याची जबाबदारी शासन उचलते. तपास पोलीस करतात, बाजू सरकारी वकील मांडतो, खर्च सरकार सोसते. यात गरिबाचा मोठा फायदा आहे. गावातल्या धनदांडग्याविरुद्ध मजुराला स्वतःच्या खिशातून खटला चालवायचा असता, तर असे किती खटले उभे राहिले असते?

या रचनेत एक तोटाही होता. जखम झालेला माणूस खटल्यात केवळ साक्षीदार उरला. बोलावले की यायचे, विचारले तेवढे सांगायचे आणि घरी जायचे. हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्तीने. 31 डिसेंबर 2009 पासून 'पीडित' या शब्दाला कायद्यात व्याख्या मिळाली. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हे हक्क आणखी पुढे गेले. आरोपीच्या कृतीमुळे ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याला इजा झाली, तो पीडित. त्याचे पालक आणि कायदेशीर वारसही पीडितच. म्हणजे खून झालेल्या माणसाची पत्नी किंवा मुले ही केवळ 'नातेवाईक' राहत नाहीत, त्यांना स्वतःचे हक्क असतात.

पहिला कागद: एफआयआर

सारे काही ज्यावर उभे राहते, तो कागद म्हणजे एफआयआर, प्रथम खबर. गुन्हा दखलपात्र असेल, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा असेल, तर ठाणेदाराने तो नोंदवलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 12 नोव्हेंबर 2013 च्या ललिता कुमारी निकालात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. नव्या संहितेने एक सवलत ठेवली आहे. ज्या गुन्ह्याला 3 वर्षे किंवा अधिक, पण 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते. पण तीही 14 दिवसांत संपवावी लागते.

'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर आता चालत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तिथे ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड आणि मध्ये रेल्वेचे मोठे जंक्शन असलेल्या गोंदियासाठी ही तरतूद फार मोलाची आहे. ऑगस्ट 2022 मध्ये एकाच महिलेवर गोंदिया आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांच्या हद्दीत अत्याचार झाल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. गुन्हेगार हद्द पाहून गुन्हा करत नाही, मग पीडिताने हद्द शोधत का फिरावे? खबर ऑनलाइनही देता येते, फक्त 3 दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

आता हा कागद जरा जवळून पाहू. वर जिल्हा, पोलीस ठाणे, वर्ष आणि गुन्हा क्रमांक. मग कायद्याची कलमे. त्यानंतर घटना कधी घडली आणि ठाण्यात खबर कधी मिळाली, या दोन वेगवेगळ्या वेळा. पुढे घटनास्थळ, ठाण्यापासूनचे अंतर आणि दिशा. आरोपी माहीत असल्यास त्याचा तपशील. एक रकाना फार महत्त्वाचा: खबर द्यायला उशीर झाला असल्यास त्याचे कारण. बचावाचा वकील पुढे सर्वांत आधी इथेच बोट ठेवतो. पूर आला होता, बस नव्हती, जखमीला आधी दवाखान्यात न्यावे लागले, घरच्यांना भीती वाटत होती, जे खरे असेल ते तिथे लिहून घ्या. मालमत्ता गेली असेल तर तिची यादी आणि किंमतही याच कागदावर येते.

लिहून झाल्यावर खबर वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आपण सांगितले एक आणि लिहिले गेले दुसरे, असे वाटले तर सही किंवा अंगठा देण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्या. प्रत मोफत मिळते, आणि नव्या कायद्यानुसार ती खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला मिळते. तपासात पुढे पोलीस जे जबाब घेतात, त्यांवर मात्र सही करायची नसते. सही खबरीवर, जबाबावर नाही, एवढे ध्यानात ठेवा.

ठाणेदाराने नोंद नाकारली तर? तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथेही दाद मिळाली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बलात्कार आणि ॲसिडहल्ला अशा गंभीर गुन्ह्यांची नोंद न करणारा पोलीस अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो, त्याला किमान 6 महिने सक्तमजुरी होऊ शकते.

वडसा इथले एक प्रकरण आणि बदललेला कायदा

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी रेल्वे अर्जुनी सोडल्यावर वडसा इथे पोचते. तेच देसाईगंज. मार्च 1972 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, हे त्या निकालातले मुद्दे होते. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालय संमती नव्हती असेच धरून चालते. खटला बंद दाराआड चालतो. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. शेजारच्या गावातल्या एका मुलीच्या वाट्याला आलेल्या अन्यायातून देशातल्या प्रत्येक स्त्रीला हे संरक्षण मिळाले आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर पीडितेचे नाव, फोटो किंवा तिच्या घराचा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्याने हे जाणून असावे की त्यासाठी 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तपास चालू असताना

स्त्रिया, 15 वर्षांखालील मुले, 60 वर्षांवरील ज्येष्ठ, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. बलात्काराच्या प्रकरणात जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, पीडितेच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो.

लैंगिक अत्याचार किंवा ॲसिडहल्ल्यानंतर कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, उपचार नाकारू शकत नाही. प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावे लागतात. 'आधी पोलिसांचे पत्र आणा' म्हणून परत पाठवणे हा गुन्हा आहे. वैद्यकीय तपासणीचा अहवाल डॉक्टरने 7 दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचा असतो. बलात्काराचा आणि पोक्सोचा, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा, तपास 2 महिन्यांत पूर्ण करायचा असतो.

नव्या संहितेतला एक हक्क अजून फार थोड्यांना माहीत आहे. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवले पाहिजे. कळवले नाही, तर गुन्हा क्रमांक टाकून एका पानाचा अर्ज ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

कोर्टात आपले स्थान

सरकारी वकील खटला चालवतो, पण न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला त्याच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो. वकील दिलेला असेल, तर दोषारोपपत्राची प्रतही पीडिताला मिळू शकते. एप्रिल 2022 मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडता येते, जामिनाच्या सुनावणीतही. शासनाने खटला मागे घ्यायचे ठरवले, तर पीडिताचे ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही.

आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई तुटपुंजी मिळाली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. सरकार अपिलात जाते की नाही याची वाट पाहण्याची गरज नाही. दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध गोंदियाच्या सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध नागपूर खंडपीठात जाता येते. मात्र केवळ शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला अपील करता येत नाही. ते सरकारलाच करावे लागते.

साक्ष बदलण्यासाठी धमक्या येत असतील, तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती 5 डिसेंबर 2018 रोजी देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा. धोका किती आहे याचा पोलीस अहवाल घेऊन समिती संरक्षण ठरवते. घराजवळ गस्त, कोर्टात जाण्यायेण्यासाठी सरकारी वाहन, आरोपी समोर दिसणार नाही अशी साक्षीची सोय, असे उपाय त्यात आहेत. साक्षीला आलात तर प्रवासाचा भत्ता मागायला संकोच करू नका, तोही हक्कच आहे.

भरपाई: एका तलावाचे दोन पाट

लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. 'आरोपीला शिक्षा झाली तरच पैसे मिळतात' असे बहुतेकांना वाटते. गोंदिया हा तलावांचा जिल्हा आहे, म्हणून इथलेच उदाहरण घेऊ. एकाच तलावातून दोन पाट निघतात. एका पाटाचे दार बंद झाले, म्हणून दुसऱ्याचे पाणी थांबत नाही. गुन्हा हा तलाव धरला, तर शिक्षा हा एक पाट आणि मदत हा दुसरा.

शिक्षेच्या पाटावर न्यायालय आरोपीला दंड करते आणि त्यातून पीडिताला भरपाई देऊ शकते. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि ती का दिली किंवा का दिली नाही याची कारणे नोंदवली पाहिजेत.

मदतीच्या पाटावर पैसा येतो तो सरकारी निधीतून. प्रत्येक राज्याने पीडित भरपाई योजना ठेवायची असते आणि रक्कम ठरवते विधी सेवा प्राधिकरण. आरोपी सापडला नाही, ओळखलाच गेला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंब अर्ज करू शकते. आरोपी निर्दोष सुटला, पण पीडिताला पुन्हा उभे करण्याची गरज आहे, असे वाटले तर न्यायालयही तशी शिफारस करते. प्राधिकरणाने चौकशी 2 महिन्यांत संपवायची असते. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर त्याआधीही तातडीचे उपचार आणि अंतरिम मदत मिळू शकते.

कोणाला कोणते दार?

गुन्ह्यानुसार योजना वेगळ्या आहेत. महत्त्वाच्या अशा:

*मनोधैर्य.* 2 ऑक्टोबर 2013 पासूनची ही राज्याची योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतून वाचलेल्यांसाठी आहे. मदत 10 लाख रुपयांपर्यंत मिळू शकते आणि ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दिली जाते. सोबत समुपदेशन आणि निवाऱ्याचीही सोय आहे.

*अनुसूचित जाती-जमाती.* अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यांत 2016 च्या नियमांनुसार 85 हजार ते 8 लाख 25 हजार रुपये मदत आहे. ती टप्प्याटप्प्याने मिळते. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. या कायद्यातल्या 15-अ कलमानुसार जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला द्यावी लागते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी एकाच कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली, पण या कायद्याखालचा गुन्हा सत्र न्यायालयाने आणि नागपूर खंडपीठानेही मानला नाही. म्हणून जातीचा संदर्भ असेल, तर तो पहिल्याच खबरीत शब्दशः आला पाहिजे.

*बालके.* पोक्सोच्या खटल्यात मुलाचा जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. बालकल्याण समिती कुटुंबाला एक सहायक व्यक्ती देऊ शकते, ती तपासापासून निकालापर्यंत सोबत राहते. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते.

*अज्ञात वाहनाची धडक.* समजा, देवरी किंवा कोहमाऱ्याजवळ महामार्गावर एखाद्या ट्रकने दुचाकीस्वाराला उडवले आणि तो पळून गेला. नंबर कोणी पाहिला नाही. तरीही 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारही मिळतात.

*नक्षली हिंसा.* सालेकसा, देवरीसारख्या तालुक्यांनी हे दुःख पाहिले आहे. नक्षली हिंसेत मृत्यू झालेल्या नागरिकाच्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेतून 5 लाख रुपये मिळतात. कायमचे मोठे अपंगत्व आलेल्यालाही ही मदत आहे.

*ऑनलाइन फसवणूक.* खात्यातून पैसे गेले की आधी 1930 वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तो गोठवता आला, तर परत मिळण्याची शक्यता असते. इथे दिवस नव्हे, मिनिटे मोजायची.

वकील विनामूल्य, तोही हक्काने

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अंमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि मानवी व्यापाराचे बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती हे काम पाहते. साध्या कागदावरचा अर्जही चालतो. कलम क्रमांक ठाऊक नसले तरी चालेल, झाले काय ते सांगा.

हिंसेतून सुटून आलेल्या स्त्रीसाठी 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा, या पाचही गोष्टींसाठी तिला पाच दारे झिजवावी लागू नयेत, हा या केंद्रांचा हेतू आहे.

जपून ठेवा: थोडक्यात

▪ पोलिसांची तातडीची मदत: 112
▪ महिला: 181 ▪ बालके: 1098 ▪ सायबर फसवणूक: 1930
▪ मोफत कायदेशीर मदत: 15100
▪ खबर कोणत्याही ठाण्यात द्या, वाचून घ्या, मोफत प्रत घ्या.
▪ नोंद नाकारली: आधी पोलीस अधीक्षक, मग न्यायदंडाधिकारी.
▪ 90 दिवसांत तपासाची माहिती मागा.
▪ भरपाईचा अर्ज निकालाची वाट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या.
▪ एका पिशवीत ठेवा: एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद व बिले, आधार, बँक पासबुक, प्रत्येक अर्जाची पोच.

हक्क कागदावरून माणसापर्यंत

गुन्हा घडल्यानंतरचे पहिले काही दिवस पीडित कुटुंब सुन्न असते. त्या अवस्थेत कोणी योजना वाचत बसत नाही. म्हणून ही माहिती आधी पोचायला हवी ती त्यांच्या आसपासच्या माणसांपर्यंत: पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीसेविका, शिक्षक, सरपंच, बचतगटाच्या बाया. मोहल्ल्यात कोणावर प्रसंग आला, तर 'सोसून घे, कोर्टाच्या भानगडीत पडू नको' असा सल्ला देऊ नका. त्या माणसाबरोबर ठाण्यात जा, एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत थांबा आणि पुढच्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणात भरपाईचा आणि वकिलाचा अर्ज देऊन या. शिक्षा होईल की नाही, हे न्यायालय ठरवेल. हे दोन अर्ज मात्र आपल्या हातात आहेत, ते राहू देऊ नका.